लेपातला केस

काठी ग्रान्या रुएनने आणली, जुन्या पडद्यात गुंडाळून.
बापाची. तेरा फुटी, सामन माशासाठीची.
"बाबा नोव्हेंबरात गेले," म्हणाली, "आता मी जाणार नदीवर.
पण ही तिसरी कडी झिजलीय, दोरी कापते."
खरंच होतं. कडीच्या आतल्या अंगाला
नखाएवढी खाच. चोवीस वर्षं
मॉय नदीचं पाणी निथळत
दोरी तिथूनच गेली असणार.

काठी खिडकीशी नेली. उजेडात फिरवली.
हिरवा दोरा, कडेला दोन वेढे शेंदरी:
माझीच सही ती, बॅलिनात दुसरं कुणी करत नाही.
आणि वेढ्यांवरच्या काचेसारख्या लेपात
एक केस.
काळा. स्वल्पविरामासारखा वळलेला.

"हा कुत्र्याचा का हो?"
"असेल," म्हटलं मी.

आमच्याकडे कुत्रा कधीच नव्हता.

लेप म्हणजे काय, तर दोन बाटल्या.
एकीत राळ, एकीत तिला गोठवणारं.
दोन्ही समसमान, थेंबाचीही उधारी नाही,
नाहीतर आठवडाभर चिकट राहतो
दारातल्या पाहुण्यासारखा: बसतही नाही, जातही नाही.
ढवळायचं सावकाश. तरी बुडबुडे येतातच.
त्यांना स्पिरिटच्या दिव्याची ज्योत नुसती दाखवायची.
फुटतात बिचारे, आवाज न करता.
मग काठी मोटरवर, मिनिटाला दहा फेरे, रात्रभर.
थांबली की लेपाला पोट सुटतं.
आणि हवा म्हणे कोरडी हवी!
हे मेयोत कुणाला सांगायचं?
नेफिन डोंगरावर ढग टेकला की लेपावर साय धरते.
पीट पेटवावं तर राख उडते,
न पेटवावं तर भिंती घाम गाळतात.

त्या जानेवारीत वादळानं वीज नेली,
नेमका लेप ओला असताना.
मोटर गप्प. दुसऱ्या दिवशी कॉर्मॅक काठी न्यायला येणार.
मग मीच मोटर झाले.
मांडीवर ब्लँकेट, हातात काठी,
पाव फेरा, पाव फेरा, पाव फेरा,
मेणबत्ती संपली तरी अंधारात, बोटांच्या हिशेबानं.
केव्हातरी मान कलली असणार.
केस तेव्हा कमरेपर्यंत होते, आणि मोकळे.

सकाळी त्याला दाखवलं. "पाच पौंड कमी दे."
तो हसला. "अट्रॅक्टा, मासा काय भिंग घेऊन येतो?"
पूर्ण पैसे मोजून टेबलावर ठेवले
आणि शीळ घालत गेला.
मी मात्र वर्षभर
त्याला रस्त्यात पाहिलं की त्या पाच पौंडांना भेटायचे.

आता पातं घेतलं. धार कडीच्या पायावर,
काठीवर नाही, हे हाताला पाठ आहे.
जरा ऊब दिली, आणि लेप उलगडला,
दोऱ्यासकट, एका पट्टीत, संत्र्याच्या सालीसारखा.
खाली काठीचा मूळ रंग निघाला, गडद तपकिरी;
बाकीची काठी उन्हापाण्यानं कधीच विटलेली.
पट्टी उजेडात धरली.
केस काळाच.
आरशाकडे मी पाहिलं नाही,
तो तसाही दुसऱ्या खोलीत आहे.
पट्टी कापलेल्या दोऱ्यांच्या डब्यात गेली.
आता शोधली तरी सापडायची नाही.

नवी कडी. हिरवा दोरा. दोन वेढे शेंदरी.
लोकरी स्वेटर काढून ठेवला, डोक्याला फडकं घट्ट बांधलं.
मोटर रात्रभर गुणगुणली.
सकाळी भिंगातून इंचन् इंच पाहिलं:
स्वच्छ. कुठे काही नाही.
पुन्हा एकदा पाहिलं.

बिल लिहिलं. कडी, दोरा, लेप, मजुरी.
खाली: वजा सहा युरो पस्तीस सेंट.
"हे कशाचे?" ग्रान्यानं विचारलं.
"जुनी बाकी," म्हटलं.
"कुत्र्याची."